तिकीट काढलेल्या माणसाचे रेल्वे काही देणे लागते की नाही?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, कुर्ल्याच्या दिशेने देशातील पहिली विजेची गाडी धावली. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि उपनगरी रेल्वेच्या कर्तृत्वाचे गोडवे गायले गेले. ते गायलेच पाहिजेत. रोज लाखो प्रवासी, तीन हजारांच्या आसपास फेऱ्या आणि दोन गाड्यांमध्ये जेमतेम काही मिनिटांचे अंतर. हा डाव रोज पहाटे मांडून मध्यरात्रीनंतर आवरणारे मोटरमन, गार्ड, सिग्नलचे आणि रुळांवरचे कर्मचारी यांच्यापुढे कोणाही मुंबईकराने हात जोडावेत.

परंतु या अभिमानास्पद हिशेबवहीत एक रकाना कायम कोरा राहिला आहे. गाडी किती मिनिटे उशिरा आली, याची नोंद होते. माणूस तिकिटासाठी किती मिनिटे उभा राहिला, पुलाच्या जिन्यावर किती वेळ अडकला, याची नोंद कोणी करीत असेलही. पण ती प्रवाशासमोर कधी येत नाही. डोंबिवलीहून निघणाऱ्या कारकुनाची ८.२० ची गाडी ८.२६ ला सुटली, तर ती ‘सहा मिनिटे उशिरा’ ठरते. त्याच कारकुनाला पासाच्या नूतनीकरणासाठी अर्धा तास रांगेत काढावा लागला, तर तो अर्धा तास त्याचा खासगी प्रश्न ठरतो! मुंबईच्या स्थानकांवरील सगळ्या गैरसोयींचे मूळ या एका दृष्टिकोनात आहे. रेल्वेच्या लेखी प्रवासी गाडीत चढल्यावर प्रवासी होतो. त्याआधी तो केवळ गर्दी असतो.

रांग कोणाची कमी झाली?

तिकिटाचीच कथा पाहावी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत कूपनांची पुस्तिका आणि ती छापणारी यंत्रे आली. खिडकीवर एकदाच रांग लावायची, पुस्तिका घ्यायची आणि नंतर हवे तेव्हा यंत्रात कूपन घालून छाप उमटवायचा, अशी ही सुटसुटीत योजना होती. मध्यमवर्गाने तिचे मनापासून स्वागत केले. खिशात किंवा पर्समध्ये कूपनांची ती लांबट पुस्तिका नाही, असे घर दादर-पार्ल्यात क्वचितच सापडले असते. पण यंत्राची शाई पुसट झाली, यंत्र बंद पडले, तर काय करायचे? एका यंत्रावरून दुसऱ्याकडे, एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्याकडे धावायचे. छाप नीट उमटला नाही, तर तिकीट तपासनीसासमोर गुन्हेगार कोण? ज्याने पैसे आधीच मोजले आहेत, तो प्रवासी! २०१५ च्या सुमारास ही कूपने हळूहळू इतिहासजमा झाली.

त्याच्या आधीच, २००७-०८ च्या सुमारास, स्मार्ट कार्डावर चालणारी स्वयंचलित तिकीट यंत्रे आली होती. ‘रांगेतून मुक्ती’ अशी त्यांची जाहिरात होती. गंमत अशी, की कार्डात पैसे भरायचे तर पुन्हा खिडकीवरच जावे लागे. यंत्राचा पडदा बोटाला दाद देईना आणि मागच्या माणसाची चुळबुळ वाढू लागली, तेव्हा प्रवासी त्या यंत्रांपासून दूर राहू लागले. मग रेल्वेने यंत्रांपाशी निवृत्त कर्मचाऱ्यांना ‘सहायक’ म्हणून बसविले. म्हणजे माणसाऐवजी यंत्र आले आणि यंत्र चालवायला पुन्हा माणूस आला. प्रवासी मात्र होता तिथेच, रांगेत, उभा! त्या सहायकांना दोष देण्यात अर्थ नाही. अनेक स्थानकांत आज खरी तिकीट खिडकी तेच चालवीत आहेत. प्रश्न हा आहे, की जे काम सन्मानाने खिडकीत व्हायचे, ते टक्केवारीवर बाहेर का ढकलले गेले?

डिसेंबर २०१४ मध्ये मोबाइलवर तिकीट आले. आरंभी तर मोबाइलवर पैसे भरून पुन्हा स्थानकातील यंत्रातून तिकीट छापून घ्यावे लागत असे. २०१५ मध्ये ही अट गेली आणि कागदाविना प्रवास शक्य झाला. ही खरोखर मोठी सुधारणा होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण तिच्यातही एक मेख होती. स्थानकाच्या आत किंवा रुळांच्या अगदी जवळ उभे राहून मोबाइलवर तिकीट काढता येत नसे. समोर तपासनीस दिसला की लोक पटकन तिकीट काढतील, अशी भीती! म्हणजे मूठभर फुकट्यांना आळा घालण्यासाठी लाखो प्रामाणिक माणसांनी भर पावसात स्थानकाबाहेरच्या फुटपाथवर उभे राहून उपग्रहाशी झटापट करायची. पुढे २०२४ मध्ये दूरवरून तिकीट काढण्यावरची मर्यादा उठली, १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने ‘रेलवन’ हे एकत्रित ॲप आणले, ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो, मोनो, ‘बेस्ट’ आणि लोकल यांना जोडणारे ‘मुंबई वन’ही आले. पावले योग्य दिशेने पडत आहेत, यात शंका नाही.

मात्र जिथे नवे साधन येते, तिथे जुनी खिडकी हळूच बंद होते, ही गोष्ट ॲपच्या जाहिरातीत कोठेही लिहिलेली नसते. पाच-सहा खिडक्यांच्या दालनात दोनच खिडक्या उघड्या आणि बाकीच्यांवर पडदा, हे दृश्य उपनगरात राहणाऱ्या कोणालाही नवीन नाही. मोबाइल वापरणाऱ्या तरुणाला त्याची झळ लागत नाही. झळ कोणाला लागते? वसई-विरारहून भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या बाईला, धुणीभांडी करून दुसऱ्या उपनगरात परतणाऱ्या मोलकरणीला, मुलाकडे चार दिवसांसाठी आलेल्या आणि कल्याणला गाडी बदलून गोंधळलेल्या सातारच्या आजोबांना. ज्याच्याजवळ साधन कमी, त्याची रांग लांब! तंत्रज्ञानाने खिडकीला पर्याय द्यावा. खिडकी हिरावून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

तिकीट हा अखेर एक करार आहे. प्रवासी पैसे आधी मोजतो आणि रेल्वे त्या बदल्यात काही गोष्टींचे वचन देते. या कराराचा एक पक्ष मोडला, तर शिक्षा स्पष्ट आहे. विनातिकीट सापडलेल्या माणसाला भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड. तो योग्यच आहे. फुकट प्रवास ही चोरी आहे आणि ती करणाऱ्यांची गय होता कामा नये. पण दुसरा पक्ष मोडला तर? यंत्र बंद, खिडकी बंद, नळ कोरडा, शौचालयाला कुलूप. याबद्दल रेल्वेला दंड किती? तो कोणाकडे भरायचा? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत प्रवाशाला सापडत नाही.

‘स्वस्त आहे, मग तक्रार कसली?’

या टप्प्यावर रेल्वेचा ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे पाच रुपये आहे. पाच रुपयांत चहाही मिळत नाही. तेव्हा जे मिळते त्यात समाधान माना. २०१६ पासून तर रेल्वेने तिकिटांवरच छापायला सुरुवात केली, की प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम आम्ही तुमच्याकडून वसूल करतो. दुकानदाराने ग्राहकाच्या हाती सामान देताना ‘तुम्हाला उपकार म्हणून देतो आहे’ असे पावतीवर छापावे, असा हा प्रकार!

या युक्तिवादातील अर्धसत्य नीट समजून घेतले पाहिजे. भाडे कमी आहे, हे खरे. पण मुंबईचा प्रवासी भाड्यापलीकडेही पैसे मोजत आला आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जे कर्ज काढले गेले, त्याच्या फेडीसाठी उपनगरी तिकिटांवर आणि पासांवर अधिभार बसविला गेला. तो मुंबईकरांनी विनातक्रार भरला. ठाण्याच्या खाडीपलीकडे रेल्वे नेताना खर्चाचा मोठा वाटा ‘सिडको’ने उचलला आणि नव्या मुंबईच्या प्रवाशांकडून त्यासाठी वर्षानुवर्षे वेगळा अधिभार घेतला गेला. स्वतःच्या पुलासाठी, स्वतःच्या रुळांसाठी वर्गणी देणारा हा प्रवासी आहे. त्याला आश्रिताची वागणूक देणे हा कृतघ्नपणा नाही का? आणि या प्रवाशाच्या घामावर ज्या महानगराची तिजोरी भरते, त्या तिजोरीतून दिल्लीकडे जाणारा कर कोणत्या रकान्यात मांडायचा?

भाडे वाढविण्याला मुंबईकराचा तत्त्वतः विरोध आहे, हाही एक सोयीस्कर समज आहे. जून २०१४ मध्ये मासिक पास १५ फेऱ्यांऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याचा निर्णय जाहीर झाला, म्हणजे पास एका रात्रीत दुपटीच्या घरात गेला. असंतोष उसळला, मुंबईचे लोकप्रतिनिधी रेल्वेमंत्र्यांना भेटले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. यातून रेल्वे प्रशासनाने ‘मुंबईकर पैसे देत नाही’ एवढाच धडा घेतला. दुसरा धडा कोणी घेतला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये वातानुकूलित लोकल आली, मे २०२२ मध्ये तिच्या एकेरी भाड्यात निम्म्यापर्यंत कपात झाली आणि मग तीच गाडी गर्दीने भरून वाहू लागली. किमान ३५ रुपये मोजायला हाच मध्यमवर्गीय माणूस तयार झाला, कारण त्या पैशांच्या बदल्यात काय मिळणार हे त्याला ठाऊक होते. दाम घ्या, पण काम दाखवा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

जिन्यावर गेलेले तेवीस जीव

सोयी म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते, त्यांनी २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवावी. एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी. बाहेर धो धो पाऊस, आत पुलाच्या अरुंद जिन्यावर थांबलेली माणसे आणि खालून एकामागून एक येणाऱ्या गाड्यांतून उतरणारी आणखी माणसे. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. गाडी रुळांवरून घसरली नव्हती, सिग्नल चुकला नव्हता, घातपात नव्हता. ऑफिसला निघालेली माणसे जिन्यावर गुदमरून मेली. आणि त्या ठिकाणी सुमारे १२ कोटी रुपयांचा नवा रुंद पूल त्यापूर्वीच मंजूर झाला होता! परळ-लालबागच्या गिरण्या जाऊन तिथे काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांत हजारो नोकऱ्या आल्या, हे डोळ्यांना दिसत होते. जिना मात्र गिरणीच्या काळातलाच राहिला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. राज्य आणि केंद्र शासनाने लष्कराला पाचारण केले. लष्कराच्या अभियंत्यांनी एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली येथे पूल उभारले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. जे वर्षानुवर्षे फायलीत अडकले होते, ते पाच महिन्यांत झाले. जवानांचे कौतुक करावे तितके थोडे. पण शांततेच्या काळात, देशाच्या आर्थिक राजधानीत, एक पादचारी पूल बांधायला सीमेवरचे सैन्य बोलवावे लागले, याची लाज कोणाला वाटली? मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि सात जण गेले. मग तो पूल महापालिकेचा की रेल्वेचा, यावर खल सुरू झाला. मेलेल्यांना त्याने काय फरक पडणार होता?

२०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाट आणि गाडी यांच्यातील पोकळीत सापडून. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलच्या प्रवाशांना ज्या अवस्थेत प्रवास करावा लागतो, त्याची आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. वर्षभराच्या आत, ९ जून २०२५ रोजी, मुंब्र्याजवळ गर्दीने लटकणारे प्रवासी गाड्यांतून खाली पडले आणि पुन्हा जीव गेले. आता स्वयंचलित दारांच्या गाड्यांची घोषणा झाली आहे. त्या जरूर याव्यात. पण रूळ ओलांडणारा माणूस हौसेने ओलांडत नाही. पूल फलाटाच्या एका टोकाला आणि घराची वाट दुसऱ्या टोकाला, सरकता जिना ‘दुरुस्तीसाठी बंद’, आणि उघड्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा तो घाईच्या क्षणी आयुष्याचा जुगार खेळतो. त्याला पकडून दंड करणे सोपे आहे. जिन्याची जागा बदलणे अवघड.

प्रत्येक सुधारणेला कोट्यवधी रुपये लागतात, असेही नाही. दादर स्थानकाचेच उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेचा फलाट क्रमांक एक वेगळा आणि मध्य रेल्वेचा फलाट क्रमांक एक वेगळा! नवख्या माणसाने ‘तीन नंबरला गाडी आहे’ ऐकून धावत जावे आणि भलत्याच रेल्वेच्या तीन नंबरवर उभे राहावे, हा खेळ पिढ्यान्पिढ्या चालला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक मिळाले. त्यासाठी किती सिमेंट लागले? थोडा रंग आणि काही पाट्या. दोन रेल्वे प्रशासनांनी प्रवाशाच्या बाजूने एकदा विचार करायचा एवढाच अवकाश होता. तो एकदा करायला त्यांना अनेक दशके लागली.

स्त्रियांच्या गैरसोयीबद्दल तर बोलायलाही संकोच वाटावा, अशी स्थिती आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने महिला विशेष लोकल सुरू केली, तिचे देशभर कौतुक झाले. पण बदलापूर किंवा विरारहून दीड-दोन तास प्रवास करणारी, आधी अर्धा तास घरातून चालत आलेली स्त्री दिवसभर पाणी पिण्याचे का टाळते, हे कोणत्या अधिकाऱ्याला माहीत नाही? तिला स्वच्छ शौचालय मिळण्याची खात्री नसते. २०११ पासून मुंबईतील महिला संघटनांना या साध्या मागणीसाठी चळवळ करावी लागली. ज्या समाजात मातृशक्तीचा गौरव उठता-बसता होतो, तिथे एका चालू नळासाठी आणि आतून लागणाऱ्या कडीसाठी आंदोलन व्हावे, हे वाचकांच्या मनाला टोचले पाहिजे.

स्थानकाचा धनी कोण?

या सगळ्याचे कारण पैशांत नाही, ते जबाबदारीच्या विखुरण्यात आहे. रूळ विभागीय रेल्वेचे, प्रकल्प मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, आकाशमार्ग बहुधा ‘एमएमआरडीए’चा, फेरीवाल्यांचा बंदोबस्त कोणाचा ते देवालाच ठाऊक. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. आज संध्याकाळी कोणत्याही गजबजलेल्या स्थानकाबाहेर उभे राहून ते १५० मीटर मोजून पाहावेत. मे २०२५ मध्ये अमृत भारत योजनेखाली परळ, माटुंगा, वडाळा रोड आणि चिंचपोकळी या स्थानकांचे नूतनीकृत रूप खुले झाले. केंद्र शासनाने स्थानक ही स्वतंत्र बाब मानून तिच्यासाठी निधी दिला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण उद्घाटनाच्या दिवशी चकाकणारी फरशी पाच वर्षांनी कशी असेल, हे ज्याच्यावर अवलंबून आहे, त्या माणसाचे नाव प्रवाशाला कळणार आहे काय?

कागदावर सर्व काही आहे. उपनगरी स्थानकांची प्रवासीसंख्या आणि उत्पन्नानुसार वर्गवारी आहे. प्रत्येक वर्गात तिकीट खिडक्या, नळ, बाके, मुताऱ्या, पंखे किमान किती हवेत, याचे रेल्वे मंडळाचे निकष आहेत. स्थानकापासून विभागापर्यंत सल्लागार समित्या आहेत, त्यांत नागरिकांच्या नेमणुका होतात. पण या समित्यांच्या बैठकीत काय बोलले गेले आणि त्यातले काय झाले, हे किती प्रवाशांना ठाऊक असते? कित्येक सदस्यांच्या लेखी ते पद म्हणजे व्हिझिटिंग कार्डावरची एक ओळ असते. यात आपल्याही ओळखीची माणसे आहेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नेमणूक आपल्या माणसाची झाली म्हणून प्रश्न सुटत नाही. तो माणूस सकाळी साडेआठला पुलावर उभा राहतो की नाही, यावर तो सुटतो.

तसे उभे राहणारे लोक मुंबईने पाहिले आहेत. राम नाईक यांनी १९६४ मध्ये गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला, तेव्हा ते खासदार नव्हते, मंत्रीही नव्हते. एका उपनगरातील कार्यकर्ता गाड्यांच्या आणि फलाटांच्या तक्रारी वहीत लिहून अधिकाऱ्यांच्या दारी जात होता. त्याच तपश्चर्येतून पुढे रेल्वे राज्यमंत्री म्हणून त्यांच्या कार्यकाळात, १९९९ मध्ये, मुंबई रेल्वे विकास महामंडळ उभे राहिले. दुसरे उदाहरण मधु दंडवते यांचे. विचाराने ते समाजवादी. त्यांच्या राजकारणाशी या पृष्ठांच्या वाचकांचे फारसे जमले नाही. पण १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या या कोकणच्या माणसाने दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसविली आणि कोट्यवधी गरिबांची पाठ रात्रभराच्या वेदनेतून सोडविली. त्याने रेल्वेचे दिवाळे निघाले नाही.

आज प्रवासी संघटना आहेत, निष्ठेने लढणारी माणसेही आहेत. पण त्यांच्या बैठकीला केस पिकलेलेच लोक दिसतात. मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गुणगान ऐकून तरुण मुंबईकराला वाटू लागले आहे, की सोसणे हाच पुरुषार्थ. दहा-बारा हजारांचा मोबाइल घेणारा हाच तरुण त्याची कळ चालेना तर दुकानात जाऊन भांडतो, आणि बंद तिकीट यंत्रासमोरून मात्र मान खाली घालून पुढे जातो.

मागणी अवघड नाही. प्रत्येक उपनगरी स्थानकात तिकीटघराशेजारी एक फलक लागावा. या स्थानकाचा वर्ग कोणता, नियमाप्रमाणे खिडक्या, यंत्रे, नळ आणि शौचालये किती हवीत, आज चालू किती आहेत, बंद असलेले कधी सुरू होणार, आणि त्यास जबाबदार अधिकारी कोण, हे त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. सल्लागार समितीचे इतिवृत्त त्याच्याखाली डकवावे. गर्दीच्या वेळी ठरावीक संख्येहून कमी खिडक्या उघड्या असतील, तर त्या वेळेत तिकीट रांगेतील प्रवाशाला दंड होणार नाही, असा नियम व्हावा. रेल्वे तो मान्य करणार नाही, असे म्हणून स्वस्थ बसण्याऐवजी स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या चार जणांनी येत्या सोमवारी सकाळी खिडक्या मोजाव्यात, बंद यंत्रांचे क्रमांक टिपावेत आणि तो कागद स्थानक अधीक्षकाच्या हाती देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढच्या सोमवारी पुन्हा जावे.